खडूनं लिहिलेलं नाव

"पुसा ते," मी म्हणालो.

शिडीवर माझी बायको उभी होती. खाली कु. रोहिणी कुंभार पिवळ्या ऑइलपेंटचा डबा दोन्ही हातांनी धरून उभी होती. काळ्या फलकावर खडूनं लिहून झालं होतं, 'कु. रोहिणी बाळासो कुंभार ९८.२०'. आता ब्रश बुडवायचा आणि खडूवरून रंग फिरवायचा, एवढंच राहिलं होतं.

"काय म्हणालात, सर?" बायकोनं विचारलं.

आम्ही दोघं एकाच शाळेत होतो. मी गणित शिकवायचो आणि परीक्षा विभाग बघायचो, ती चित्रकला शिकवायची. शाळेत ती मला सर म्हणायची आणि मी तिला बाई. घरी गेल्यावर पद्मा आणि अहो. पंचवीस वर्षांत यात कधी चूक झाली नव्हती.

"नाव पुसा, बाई. पहिला सुमेध पोरे आहे. आत्ता हेडसरांच्या खोलीत ठरलं."

पद्मा शिडीवरून खाली उतरली नाही. तिनं ब्रश डब्याच्या काठावर आडवा ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

"रोहिणीला अठ्ठ्याण्णव पॉइंट वीस आहेत. सुमेधला सत्त्याण्णव पॉइंट वीस. मार्कलिस्ट तुम्हीच लावलीत बोर्डावर."

"तिचे सात गुण चित्रकलेचे आहेत. वाढीव. ते सोडले तर ती सुमेधच्या दोन गुणांनी मागे आहे."

"सोडायचे कशासाठी?"

"फलक विषयांतल्या गुणांचा आहे. असे फुकटचे गुण धरायला लागलो तर उद्या कोण पहिला आणि कोण दुसरा, कशाला काही अर्थ राहणार नाही."

फुकटचे. हा शब्द मी त्या पोरीसमोर वापरला, आणि चित्रकलेच्या बाईंसमोर.

आमच्या शाळेची एक रीत होती. दहावीचा निकाल लागला की शाळेत पहिल्या आलेल्या मुलाचं नाव व्हरांड्यातल्या मोठ्या फलकावर चढायचं. नाव पद्मा लिहायची आणि डबा ज्याचं नाव त्यानं धरायचा. ही रीत तिनंच पाडली होती. खडूनं नाव लिहून झालं की ती खाली वाकून विचारायची, "बघ रे, बापाचं नाव बरोबर आहे का?" पोरगं मान वर करून स्वतःचं नाव मोठ्यानं वाचायचं. मगच रंग. काही मुलं अडखळायची. एकदा एक दांडगा पोरगा आपलं आडनाव वाचता वाचता रडला होता. पद्मा घरी येऊन ते सांगायची, आणि मी तिच्या उजव्या हाताच्या बोटांचा पिवळा रंग रॉकेलच्या बोळ्यानं पुसून द्यायचो. वर्षातून एकदाच.

त्या दिवशी रोहिणीचं स्वतःचं नाव वाचून झालं होतं. मला ते नंतर कळलं.

पद्मा शिडीवरूनच म्हणाली, "अहो."

शाळेत, पोरीसमोर, 'अहो'. मी दचकलो.

"अहो, दोन्ही नावं घालू या. जागा आहे. मी अक्षर लहान काढते."

"एका वर्षाला ओळ एकच असते, बाई."

 पलीकडं शिपाई बाक ओढत होता. मग पद्मानं खांद्यावरचं ओलं फडकं घेतलं आणि हात वर केला. उंचीनं ती जेमतेम पाच फूट. आधी लिहिताना पोहोचलेला तिचा हात आता काही वर जाईना.

रोहिणीनं डबा खाली ठेवला.

"द्या बाई, मी पुसते. तुमचा हात पोहोचत नाही."

ती शिडीच्या दुसऱ्या बाजूनं दोन पायऱ्या चढली, पद्माच्या हातातून फडकं घेतलं आणि स्वतःचं नाव पुसून काढलं. आधी टक्के, मग आडनाव, मग बापाचं नाव, शेवटी स्वतःचं. उलटीकडनं पुसत आली. खडूचा पांढरट डाग राहिला, तो तिनं फडक्याची कोरडी बाजू घेऊन परत पुसला. सोळा वर्षांची पोर. मला वाटलं रडेल. रडली असती तर बरं झालं असतं, मी काहीतरी बोललो असतो.

"सुमेध कुठं आहे?" पद्मानं विचारलं. आवाज नेहमीसारखा होता.

"लातूरला गेलाय क्लासला. डबा धरायला शिपायाला सांगतो."

"मी धरते की," रोहिणी म्हणाली. तिनं डबा उचलला आणि परत होती तिथं उभी राहिली.

पद्मानं 'सुमेध अनिल पोरे ९७.२०' लिहिलं. तिची पद्धत अशी होती की आधी सगळी अक्षरं काढायची, शिरोरेघ शेवटी. आणि ती रेघ नावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात, ब्रश न उचलता. रेघ ओढताना ती श्वास धरायची. त्या दिवशीही तशीच ओढली. कुठं हलली नाही. मी तिथंच उभा होतो. आपलं म्हणणं तिला पटलं असं मला वाटलं. रेघ सरळ आली म्हणून.

आता खरं सांगायचं तर हेडसरांच्या खोलीत कुणी तसं काही म्हणालंच नव्हतं. जाधवसर हेडमास्तर होते. ते एवढंच म्हणाले, "मगदूमसर, हे वाढीव गुणांचं यंदा पहिल्यांदाच झालंय. परीक्षाप्रमुख तुम्ही, तुम्ही ठरवा. मला दोन्ही चालेल." खोलीत आणखी तिघं होते. रोहिणीच्या नावाला कुणीही हरकत घेतली नाही. एक जण तर म्हणाला, "पोरगी हुशार आहे, मार्कलिस्टला जे आहे ते धरा."

पण मला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येत होतं. म्हणजे मला तसं वाटत होतं. रोहिणी दर रविवारी आमच्या घरी यायची. आम्हाला मूल नव्हतं. पद्मा तिला समोर बसवून इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेची तयारी करून घ्यायची, पोहे खायला घालायची, एकदा तिच्या केसांना तेल लावून देताना मी बघितलं होतं. गावाला हे माहीत होतं. उद्या म्हणतील, बायकोची लाडकी, नवऱ्यानं पहिली आणली. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्याकडं कुणी बोट दाखवलं नव्हतं. निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. मी वहीत ठराव लिहिला, 'शालेय गुणानुक्रम ठरवताना वाढीव गुण विचारात घेऊ नयेत', आणि खाली सही केली. सही करताना आपण फार मोठं काही करतोय असं मला वाटलं होतं.

संध्याकाळी घरी पद्मानं भाकरी थापली. मी जेवायला बसलो.

"तुला राग आलाय," मी म्हणालो.

"नाही."

"मी त्या गुणांना फुकटचे म्हणालो. तुला नाही म्हणालो."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "वर्षभर दर रविवारी सकाळी सात ते अकरा बसायची ती. तुम्ही चहाला उठायचात तेव्हा दिसायची ना?"

"दिसायची."

"काय करायची?"

"चित्रं काढायची."

"स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. आणि कर्तव्यभूमिती, अक्षरलेखन. भूमितीचा कागद तर तिनं चाळीस वेळा काढला."

"भूमिती असते त्यात?"

पद्मानं भाकरी तव्यावरून उतरवली. मग म्हणाली, "असते. पंचवीस वर्षांनी विचारलंत."

तेवढ्यात दारात रोहिणीचा बाप आला. बाळासो कुंभार यंत्रमागावर कामाला होता. कपड्यांना सुताची कुसं चिकटलेली, हातात पेढ्यांचा पुडा. पुडा सकाळीच घेतला असावा, कारण दोरी सैल झाली होती.

"या, बसा," पद्मा म्हणाली.

"बसत न्हाई बाई, पाळीला जायचंय." तो माझ्याकडं वळला. "सर, एक इचारू का? पोरीच्या कागदावर अठ्ठ्याण्णव हाय. पोऱ्याच्या कागदावर सत्त्याण्णव. आन् पोरगी म्हणती, बाबा मी दुसरी आले. ह्ये कसं काय?"

मी त्याला समजावून सांगितलं. मी चांगलं समजावून सांगायचो, तेच माझं काम होतं. वाढीव गुण म्हणजे काय, ते कुठं धरतात, कुठं धरत नाहीत. तो मान हलवत ऐकत होता.

"म्हंजी चित्रं काढली ती धरली न्हाईत."

"फलकासाठी नाही धरली."

"बरं. नियम हाय तर हाय." तो पुडा टेबलावर ठेवायला लागला, मग तिथं न ठेवता आत जाऊन पद्माच्या हातात दिला. "बाईंनी लई केलं पोरीचं. मागावरच्या सगळ्यांना सांगितलं हुतं मी, रविवारी शाळेत जाऊन नाव बघून या म्हणून. आता सांगतो त्यास्नी, जाऊ नगा." तो हसला. "चुकून दुसऱ्याचंच वाचून येतील, येडी."

तो गेल्यावर पद्मानं पुडा उघडला, एक पेढा माझ्या ताटात ठेवला आणि स्वतः खाल्ला नाही. त्या विषयावर आमच्या घरात पुन्हा बोलणं झालं नाही. मीही काढला नाही. ती भांडली नाही, अबोला धरला नाही. चहा वेळेवर, जेवण वेळेवर. मी म्हणालो, विसरली.

पुढच्या मे महिन्यात मी निवृत्त झालो. पद्माची नोकरी अजून होती. जून आला की ती एका रविवारी पिशवीत ब्रश, फडकं आणि डबा घेऊन शाळेत जायची आणि दुपारी परत यायची. यायची ती हाताला पिवळा रंग घेऊनच. मी रॉकेलचा बोळा करायचो, ती हात पुढं करायची, मी पुसून द्यायचो. "कुणाचं नाव लागलं यंदा?" मी विचारायचो. ती नाव सांगायची, मुलाचं घर कुठं, बाप काय करतो ते सांगायची. मला बरं वाटायचं. आमच्यात सगळं जागच्या जागी आहे असं वाटायचं.

अशी सहा वर्षं गेली. गेल्या वर्षी जूनमध्ये ती ओळ लिहायला गेली तेव्हा तिला धाप लागत होती. मी म्हणालो, जाऊ नको, दुसरं कुणी लिहील. ती म्हणाली, जाते. ऑगस्टमध्ये मिरजेला ॲडमिट केलं. सप्टेंबरात ती गेली.

घरात तिच्या वस्तू होत्या, पण तिचं अक्षर नव्हतं. किराणाच्या याद्या ती कॅलेंडरच्या मागं पेन्सिलीनं लिहायची आणि जुनं कॅलेंडर रद्दीत जायचं. तिनं काढलेली चित्रं तिनं मुलांना वाटून टाकली होती. म्हणून मी शाळेत जायला लागलो. शनिवारी दुपारी शाळा सुटली की शिपाई मला व्हरांड्यात खुर्ची टाकून द्यायचा. मी फलकासमोर बसायचो. वरच्या ओळींपाशी माझा हात पोहोचत नव्हता, पण खालच्या ओळी हात उंचावला की हाताला लागायच्या. शेवटच्या ओळीवर, गेल्या वर्षीच्या, मी बोट फिरवायचो. हे तिनं धाप लागत असताना लिहिलं. रंगाचा थोडा उंचवटा बोटाला लागतो. शिपायानं एकदा बघितलं आणि दुसरीकडं तोंड केलं.

पद्माच्या नावानं शाळेत एक पारितोषिक ठेवायचं मी ठरवलं. नवीन हेडसर शिंदे. एकेकाळी माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचे. त्यांनी जुनी वही काढली.

"सर, दहावीत पहिल्या येणाऱ्याला द्यायचं ना? मग नियम काय लिहू? वाढीव गुण धरून की सोडून?" वहीवर बोट ठेवून ते थांबले. "आपला इथं ठराव आहे. सोडून." सहीकडं त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांनी वहीवरचं बोट उचललं.

"धरून लिहा," मी म्हणालो. "आणि तो ठराव रद्द करा. मी अर्ज देतो."

"अर्ज कशाला सर, समितीपुढं ठेवतो." मग म्हणाले, "तेव्हापासून आणखी दोघांची नावं अशीच राहिली. दोघांनाही चित्रकलेचे गुण होते. मगदूमबाईंचेच विद्यार्थी."

हे मला माहीत नव्हतं. पद्मानं कधी सांगितलं नव्हतं. तिनं फक्त ज्याचं नाव लागलं त्याचं सांगितलं होतं.

जुलैत गुणगौरव समारंभ झाला. पारितोषिक रोहिणीच्या हातून द्यायचं असं मी सुचवलं होतं. तिचा नंबर पद्माच्या फोनमध्ये होता. मी फोन केला तेव्हा ती फक्त "येते, सर" म्हणाली. ती आता सांगलीला एका आर्किटेक्टकडे नकाशे काढते. आली. साडी नेसली होती, उंच दिसत होती. बाळासोही आला होता, मागच्या रांगेत बसून सगळ्यांच्या नावांना टाळ्या वाजवत होता.

समारंभ संपल्यावर मी तिला व्हरांड्यात घेऊन गेलो.

"रोहिणी, मी फार दिवस ठरवून ठेवलंय. शिंदेसरांशी बोललोय. तुझं नाव इथं घालायचं. सुमेधच्या शेजारी जागा आहे."

ती फलकाकडं बघत राहिली.

"नको, सर."

"नको का? माझी चूक होती. मी सगळ्यांसमोर सांगायला तयार आहे."

"एका वर्षाला ओळ एकच, तुम्हीच म्हणाला होता." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. एखादा पाठ केलेला नियम सांगावा तसं म्हणाली. "आणि आता लिहिणार कोण? बाई नाहीत."

"तेच म्हणतोय मी. यंदाची ओळही अजून कुणी लिहिली नाही. तिच्या अक्षरासारखं अक्षर आता मिळायचं नाही." मी पुढं झालो आणि शेवटच्या ओळीवर हात ठेवला. "ही बघ. ही तिची शेवटची. जूनमध्ये लिहिली, सप्टेंबरात गेली. मी दर शनिवारी येतो ही बघायला."

 रोहिणीनं पदर सावरला, परत सोडला. मग माझा हात हळूच धरून त्या ओळीवरून बाजूला घेतला.

"सर, ही बाईंची नाही."

"म्हणजे?"

"ही मी लिहिली. ही, आणि तिच्या वरची. आणि त्यांच्या वरच्या चार." ती बोटानं वर वर जात होती. "बाईंचा फोन यायचा दर जूनला. ये म्हणायच्या, अक्षरलेखन विसरली नाहीस ना. मी यायचे."

मी ओळी बघायला लागलो. मग मला दिसलं. वरच्या सगळ्या ओळींची शिरोरेघ एकसलग होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खालच्या सहा ओळींत ती प्रत्येक शब्दापाशी तुटत होती. नाव, मग फट, बापाचं नाव, मग फट. मी गणिताचा मास्तर. जन्मभर रेघा तपासल्या. एवढे शनिवार समोर बसलो होतो.

"मग तिची शेवटची ओळ कुठली?"

रोहिणीनं ती दाखवली नाही. दाखवायची गरज नव्हती. 'सुमेध अनिल पोरे ९७.२०', आणि त्याच्यावर ती सरळ, न हललेली रेघ.

"मी एकदा विचारलं बाईंना," ती म्हणाली. "तुम्ही का लिहीत नाही म्हणून. म्हणाल्या, माझा हात पोहोचत नाही आता."

मागनं बाळासोची हाक आली, "रोहिणे, चल की गं, यष्टी जाईल." तिनं वाकून माझ्या पायाला हात लावला.

"आणि ती काय करायची?" मी विचारलं. "तू वर चढल्यावर?"

"खाली उभ्या राहायच्या. डबा धरून. मुलगा शेजारी असायचा, त्याला नाव वाचायला लावायच्या. डबा मात्र देत नव्हत्या कुणाला."

ती गेली. मी खुर्चीवर बसलो. शिपाई मंडपाच्या खुर्च्या एकात एक घालत होता.

सहा वर्षं दर जूनला मी पद्माचा हात पुसून देत होतो. रॉकेलचा बोळा करायचो, ती हात पुढं करायची. तिचा डावा तळवा असायचा. बोटं नाही, तळवा, डबा टेकतो तिथं. ती उजव्या हातानं लिहायची.

मी नीट पुसून द्यायचो, रंगाचा कणही ठेवायचो नाही. कधी विचारलं मात्र नाही.